लाल लेट्यूस घरच्या बागेत: बी रुजण्यापासून पानाला रंग चढेपर्यंत

मृद्गंधा, पुणे

लाल पानांचं लेट्यूस म्हणजे महाबळेश्वर-पाचगणीचं नाहीतर पॉलिहाउसमधलं पीक, आपल्या कुंडीत ते यायचं नाही, असं अजूनही बरेच जण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. पुण्यात गच्चीवर दर हिवाळ्यात ते उत्तम येतं. ठाण्याला, नाशिकला, नागपूरलाही येतं. फक्त बी कशाने रुजतं आणि पान कशाने लाल होतं, या दोन गोष्टी वेगवेगळ्या समजून घ्यायला हव्यात. त्यांची सरमिसळ झाली की बी उगवत नाही, नाहीतर उगवलं तरी पान हिरवंच राहतं आणि खापर बियाणेवाल्यावर फुटतं. या हंगामासाठी सगळ्यांचे अनुभव एका जागी यावेत म्हणून हा धागा.

आधी जातींबद्दल. गड्डा धरणारं आइसबर्ग मी घरच्या बागेला सुचवणार नाही. त्याला लांबलचक थंडी लागते आणि गड्डा भरेपर्यंत आपल्याकडे ऊन तापायला लागतं. सुट्ट्या पानांच्या जाती लवकर हाताशी येतात. बाहेरची पानं खुडत राहायचं, मधून नवी येत राहतात. सगळ्यात सहज मिळते ती लोलो रोसो, मूळची इटलीकडची. पानाचा देठाकडचा भाग हिरवा आणि दाट झालरीसारखा काठ लाल. रेड सेल्स जरा मोठ्या पानांची आणि उशिरा फुलावर जाणारी. तिला 1985 साली ऑल-अमेरिका सिलेक्शन्स या नव्या वाणांची पारख करणाऱ्या अमेरिकी संस्थेचा मान मिळाला होता. खाचेदार पानांची रेड ओकलीफ मिळाली तर जरूर घ्या, चवीला ती सगळ्यात कोवळी.

आता बी. बारीक, चपटं, दोन्ही टोकांना निमुळतं. एका ग्रॅममध्ये 800 ते 1000 दाणे बसतात, म्हणजे छोटं पाकीटही दोन घरांना पुरतं. हे बी 15 ते 20 अंशांत सुरेख रुजतं. साधारण 28-30 अंशांच्या वर गेलं की बऱ्याच जातींचं बी झोपून राहतं. मेलेलं नसतं, पण उठत नाही. ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात पेरणाऱ्यांची निराशा होते ती इथेच. म्हणून पुणे-नाशिककडे दिवाळीच्या आगेमागे आणि मुंबई-कोकणात नोव्हेंबर अर्धा सरल्यावर पेरा.

दिवसा ऊन चटकत असेल तर एक खात्रीचा उपाय आहे. बी दोन-तीन तास पाण्यात भिजवा, मोड आणायला मटकी बांधतो तसं ओल्या फडक्यात बांधा, फडकं झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात दोन दिवस ठेवा आणि मग संध्याकाळी पेरा. ट्रे घरातल्या गार, उजेडाच्या कोपऱ्यात ठेवा. पेरताना बी मातीत पुरायचं नाही. ओल्या कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर) भुरभुरवायचं, वरून चिमूटभर कोकोपीट आणि स्प्रेने पाणी. झारीच्या धारेने सगळं बी एका कोपऱ्यात वाहून जातं. तीन-चार दिवसांत हिरवे ठिपके दिसू लागतात.

रोपाला चार पानं झाली की हलवायचं. मुळं उथळ असतात, 15 ते 20 सेंटीमीटर खोलीची कुंडी, ट्रे, फळांचा जुना क्रेट, काहीही चालतं. माती, कोकोपीट आणि गांडूळखत सारख्या प्रमाणात घ्या, वर मूठभर निंबोळी पेंड. दोन रोपांत वीतभर अंतर. मानेपाशी माती चढवू नका, तिथूनच सडतं.

रंगाविषयी मुद्दाम लिहिलं नाही. त्यावर इथे माझ्याहून जास्त अभ्यास असलेली मंडळी आहेत.

ओवी, ठाणे

किती नेमकं लिहिलंयस ताई! वाचनखूण साठवली.

माझी खिडकीच्या ग्रिलमध्ये लोलो रोसोची रोपं आहेत. पूर्वेची बाजू, साधारण दहापर्यंत ऊन येतं, मग समोरच्या टॉवरची सावली. रोपं तरतरीत आहेत, पानं कुरळी आहेत, पण लाल फक्त काठाची एक रेघ. बाकी पोपटी. पाकिटावरच्या चित्रात गडद जांभळट दिसतात. खत कमी पडतंय का? कुणी म्हणालं लोह द्या.

मळ्यातली, राहुरी

ओवी, लोहाचा इथे संबंध नाही. लाल रंग अँथोसायनिनचा, म्हणजे जांभळात, कोकमात असतो त्याच घराण्यातला. पान हा रंग स्वतःच्या संरक्षणासाठी करतं. ऊन, विशेषतः त्यातली अतिनील आणि निळी किरणं, पानावर पडली की वरच्या थरातल्या पेशी हे रंगद्रव्य बनवतात. सोबत रात्री गार असतील तर रंग आणखी दाटतो. उलट सावली, उबदार रात्र आणि भरपूर नत्र असलं की पान भराभर वाढतं, मोठं होतं, पण हिरवं राहतं. म्हणजे तू शेणखत, ह्युमिक, युरिया काही वाढवलंस तर रंग आणखी फिका पडेल.

साधी काच अतिनील किरणांचा मोठा भाग अडवते. म्हणून बंद काचेच्या खिडकीत वाढलेलं लाल लेट्यूस फिकट दिसतं. कुंड्या ग्रिलच्या बाहेरच्या कडेला आण. सोसायटीच्या गच्चीवर ठेवायची परवानगी असेल तर पानं खुडायच्या आधीचे आठ-दहा दिवस तिथे ठेव. जुनी पानं फारशी बदलणार नाहीत. मधून फुटणारी कोवळी पानं लाल येतील, रंग तिथेच बघायचा.

एक सांगावंसं वाटतं. बी मातीत पुरू नका असं मृद्गंधाताईंनी लिहिलंय, त्यामागे वनस्पतिशास्त्रातलं फार मोठं काम आहे. 1952 साली अमेरिकेच्या कृषी खात्यात, बेल्ट्सव्हिलला, बोर्थविक आणि हेन्ड्रिक्स यांच्या गटाने ग्रँड रॅपिड्स या सुट्ट्या पानांच्या लेट्यूसच्या बियांवर प्रयोग केले. भिजलेल्या बियांवर लाल प्रकाश टाकला की त्या रुजायच्या. लगेच त्यानंतर दूरचा लाल प्रकाश (फार-रेड, म्हणजे लालाच्या पलीकडचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा) टाकला की थांबायच्या. पुन्हा लाल टाकला की पुन्हा रुजायच्या. शेवटचा प्रकाश कोणता, त्यावर सगळं ठरायचं. त्यातूनच वनस्पतींमधल्या फायटोक्रोम या प्रकाश ओळखणाऱ्या रंगद्रव्याचा शोध लागला. दाट पानांच्या सावलीत दूरचा लाल प्रकाश जास्त पोचतो, त्यामुळे मोठ्या झाडाखाली ठेवलेल्या ट्रेमध्ये बी नीट रुजत नाही. सगळ्याच जातींना प्रकाशाची इतकी गरज नसते, पण बारीक बी उथळ पेरलेलं केव्हाही बरं.

खाडीकाठचा, चिपळूण

आमच्याकडे उगवण होते, फ्रिजचा उपाय मलाही लागू पडला. अडचण पुढची आहे. दोन पानांवर आलेली रोपं एका रात्रीत आडवी होतात. खाली बघावं तर देठ मातीलगत पाण्यासारखा, दोऱ्याएवढा बारीक झालेला. हवा दमट, त्यात सकाळी दव. कोकणात हे पीक घ्यावं की नाही?

मृद्गंधा, पुणे

घ्यावं दादा, नक्की घ्यावं. हा मर रोग, मातीतल्या बुरशीने होतो. बी दाट पडलं, वर ओल राहिली आणि वारा खेळला नाही की पसरतो. पेरणीला बागेतली माती वापरू नका, नवं धुतलेलं कोकोपीट घ्या. ट्रे धुऊन उन्हात तापवून घ्या. पाणी वरून न देता ट्रे परातीत ठेवून खालून प्यायला लावा आणि वरचा थर जरा कोरडा दिसेपर्यंत पुन्हा देऊ नका. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी मिळत असेल तर पेरतानाच कोकोपीटमध्ये मिसळा, रोपं आडवी पडल्यावर त्याचा उपयोग नाही. आणि बी सुटं-सुटं टाका. पातळ पेरणी हाच अर्धा इलाज आहे.

तुमच्याकडे डिसेंबर मध्य ते जानेवारी हेच खरे दिवस. रंग नाशिकसारखा गडद येणार नाही, रात्री तितक्या गार नसतात. पण पान कोवळं मिळेल.

गोदाकाठ, नाशिक

निफाडच्या बाजूला पारा एक आकडी होतो तेव्हा आमच्या परसातलं लेट्यूस जवळजवळ बिटाच्या रंगाचं होतं, हे स्वतः बघितलंय. त्यामुळे थंडीचा मुद्दा शंभर टक्के खरा.

मी दर आठवड्याला जीवामृताची फवारणी करतो. पानाला तजेला येतो, कीडही कमी वाटते. सगळ्यांनी करून बघा.

मळ्यातली, राहुरी

दादा, जीवामृत जमिनीला द्या, पानांवर नको. हे मी फार कळकळीने सांगतेय. मेथी-पालक आपण शिजवतो, लेट्यूस कच्चं खातो. जीवामृतात ताजं शेण आणि गोमूत्र असतं, त्यातले ई. कोलायसारखे जिवाणू कुरळ्या पानांच्या घड्यांत अडकले की नुसत्या धुण्याने सगळे निघत नाहीत. घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस असेल तर हा धोका घेऊच नये. शेणखतसुद्धा पूर्ण कुजलेलं, वास न येणारं, मातीखाली मिसळलेलं असावं. पाणी झारीने मुळाशी द्या. पानांवर चिखल उडू नये म्हणून पालापाचोळा किंवा उसाची चिपाडं अंथरा.

गोदाकाठ, नाशिक

हा विचार केला नव्हता. आमच्याकडे सून बाळंतपणाला आलीय, फवारणी आजपासून बंद. जमिनीतून किती दिवसांनी देऊ?

मळ्यातली, राहुरी

आता उभ्या पिकाला नकोच. पुढच्या वेळी लावणीच्या बरंच आधी मातीत द्या आणि मातीला वेळ द्या. हे पीक इतकं थोड्या दिवसांचं आहे की सुरुवातीचं गांडूळखत आणि मध्ये एकदा मुळाशी थोडं वरखत एवढ्यावर भागतं. आणि सूनबाईंना तूर्तास शिजलेली पालेभाजीच द्या.

एडिसनकर, न्यू जर्सी

आमचं उलटं गणित. इथे एप्रिलच्या सुरुवातीला, जमीन जरा मोकळी झाली की थेट वाफ्यात पेरतो. हलकं हिमकण लेट्यूस सहन करतं, रोपं मरत नाहीत, रंग मात्र असा चढतो की शेजारी थांबून विचारतात. जूनच्या शेवटी दिवस मोठे आणि हवा गरम, की मधला दांडा वर यायला लागतो. मग ऑगस्टच्या शेवटाला दुसरी पेरणी. ससे हा आमचा मुख्य शत्रू. तारेची जाळी जमिनीत थोडी पुरून बसवल्याशिवाय काहीच उरत नाही.

मुलीच्या शाळेत विज्ञानाच्या प्रदर्शनासाठी आम्ही लाल रोमेन लावलं होतं, आउटरेजस नावाचं. ऑगस्ट 2015 मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर पिकवून अंतराळवीरांनी खाल्लं ते हेच. तिथल्या 'व्हेजी' या छोट्या बागेत लाल, निळे आणि हिरवे एलईडी दिवे होते. पान लांबट असलं तरी रंगाचं शास्त्र तेच.

ओवी, ठाणे

एलईडीवरून आठवलं, घरात दिव्याखाली लाल होईल का? बाजारात जांभळ्या उजेडाचे दिवे मिळतात.

मळ्यातली, राहुरी

होईल, दिव्यात निळा भाग पुरेसा हवा आणि दिवा रोपाच्या जवळ हवा. पण तुझ्याकडे सकाळचं ऊन आहे, ते फुकट आणि चांगलं. विजेचं बिल कशाला वाढवतेस.

शब्दफुले, कोल्हापूर

माझ्या रेड सेल्सच्या आतल्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी होऊन वाळतात. बाहेरची पानं ठणठणीत. कॅल्शियमची कमतरता म्हणून अंड्याची टरफलं कुटून घातली, अजून फरक नाही.

मळ्यातली, राहुरी

निदान बरोबर आहे, उपाय तितका नाही. टरफलं मातीत विरघळायला फार वेळ घेतात, या पिकाचं आयुष्य त्याआधीच संपतं. शिवाय बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम असतंच. ते पाण्यासोबत पानात चढतं, आणि ज्या पानातून बाष्प जास्त उडतं तिकडे जास्त जातं. मधली दुमडलेली पानं मागे राहतात. एक दिवस कुंडी सुकली, दुसऱ्या दिवशी तुडुंब भरली, असं झालं की हे हमखास दिसतं. रोज सकाळी बेताचं पाणी, कुंडीवर आच्छादन, दुपारच्या कडक उन्हापासून थोडा आडोसा आणि रोपांभोवती वारा. नत्र हात राखून. करपलेली पानं सुधारणार नाहीत, नवी चांगली येतील. कोकोपीट जास्त वापरलं असेल तर ते आधी दोन-तीन पाण्यांनी धुतलं होतं का तेही बघा.

मीराबाग, डोंबिवली

माव्याचं काय करता? लाल पानावर हिरवा मावा उठून दिसतो, एवढं एक बरं. कडुनिंबाचं तेल मारायचं तर कच्चं पान कडू लागतं.

मृद्गंधा, पुणे

मी या पिकावर तेल मारतच नाही. पान उलटं धरून पाण्याची बारीक जोरकस धार, दोन-तीन सकाळी ओळीने, बस. जे पान फार भरलंय ते तोडून टाकायचं. शेजारी कोथिंबीर किंवा बडीशेप फुलावर सोडली तर लेडीबर्ड भुंगेरे येतात आणि मावा फस्त करतात. पानं खाणारी अळी दिवसा मातीत दडते, रात्री टॉर्च घेऊन गेलं की सापडते. पाऊस लांबला तर गोगलगायी. त्याही संध्याकाळीच वेचायच्या. कुंड्यांच्या बुडाशी आणि क्रेटखाली बघा.

सावली, पनवेल

सासऱ्यांना रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे, वॉरफरिन. त्यांना हे चालेल का?

मळ्यातली, राहुरी

लाल लेट्यूसच्या 100 ग्रॅममध्ये साधारण 140 मायक्रोग्रॅम 'के' जीवनसत्त्व असतं आणि ते वॉरफरिनच्या विरुद्ध काम करतं. इतर हिरव्या पालेभाज्यांतही असतंच. त्रास होतो तो मध्येच खूप खाल्ल्याने किंवा एकदम बंद केल्याने, कारण गोळीचा डोस नेहमीच्या खाण्यावर बसवलेला असतो. घरच्या बागेत एकदम टोपलीभर निघतं म्हणून रोज वाडगाभर देऊ नका. आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

सुगंधाताई, इंदूर

लावणं झालं, आता खाण्याचं बघू या. मी लाल पानं हातानेच मोठी-मोठी तोडते. पाण्यातून काढून पंच्यावर कोरडी करते, ओल्या पानाला काहीच धरत नाही. भरड दाण्याचं कूट, लिंबू, मीठ, किंचित साखर, वरून हिंग-मोहरी-हिरव्या मिरचीची फोडणी पूर्ण गार करून. गरम फोडणी ओतली की पान मान टाकतं. लिंबाने लाल रंग आणखी उजळतो, ताटात फार देखणं दिसतं. दही घालायचं तर अगदी वाढताना. उरलेली पानं भाजीत शिजवली तर रंग जातो आणि तपकिरी होतात, चव वाईट नसते. थालिपिठावर लोण्याचा गोळा आणि शेजारी ही कोशिंबीर, दुसरं काही लागत नाही.

गोंडवन, नागपूर

आमच्याकडे थंडी चांगली, रंग छान, पण फेब्रुवारी उजाडला की पान एका आठवड्यात कडू होतं. रोपाचा मधला भाग शंकूसारखा वर येतो. हिरवं जाळं बांधलं तर?

मृद्गंधा, पुणे

काका, जाळ्याने थोडे दिवस मिळतील, पण रंग उतरेल. ऊन वाढलं, दिवस मोठा झाला की रोप फुलावर जाणारच. पानाचा देठ मोडून बघा. पांढरा चीक भराभर आला, बोटाला चिकटला, तर कडवटपणा भरलाय. त्या चिकातच तो असतो. मधला भाग उंचावायला लागला त्याच दिवशी सगळी पानं कापून घ्या, थांबू नका. त्यापेक्षा नोव्हेंबरपासून दर पंधरा दिवसांनी थोडं-थोडं पेरा आणि शेवटची पेरणी डिसेंबर सरायच्या आत संपवा. पानं वीतभर होण्याआधी, कोवळीच खुडायला लागा. पेरल्यापासून महिन्याभरात पहिली तोडणी मिळते. सकाळी खुडलेलं पान दुपारच्या पानापेक्षा खूप कुरकुरीत असतं.

एकदोन सगळ्यात उशिरा फुललेली रोपं मात्र बियांसाठी राखा. लवकर फुललेली ठेवलीत तर पुढच्या वर्षीही लवकर फुलणारीच मिळतील. रोप कमरेएवढं होतं, काठीचा आधार द्यावा लागतो. पिवळी बारीक फुलं सकाळी उमलून लवकर मिटतात. स्वपरागीभवन असल्याने बी बहुतेक आईसारखंच निघतं. फुलानंतर दोन-तीन आठवड्यांत टोकाला पांढरी म्हातारी दिसते, तेव्हा कागदी पिशवीत झटकून घ्या. सगळी एकदम पिकत नाहीत, दर दोन दिवसांनी फेरी मारा.

गोंडवन, नागपूर

हे बी लगेच त्याच वर्षी पेरता येईल ना? आणि बाजारातलं कुठून घेऊ, इथे दुकानात फक्त हिरवं मिळतं.

मृद्गंधा, पुणे

ताज्या बियांना थोडी विश्रांती लागते, आणि तसाही आपल्याकडे मध्ये उन्हाळा येतो. पूर्ण सुकवा, जातीचं नाव आणि वर्ष लिहून काचेच्या बाटलीत घाला, बाटली फ्रिजमध्ये. दोन-तीन वर्षं चांगली उगवण देतं. विकत घ्यायचं तर जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनला आणि पुढे मुंबईच्या राणीबागेत प्रदर्शनं असतात, तिथे बियाण्यांच्या स्टॉलवर विचारा. त्या वर्षीची लावणी हुकलेली असते, पण फ्रिजमध्ये ठेवून दिवाळीला वापरता येतं. पाकिटावरची तारीख बघूनच घ्या. लेप देऊन गोळी केलेलं बी मिळालं तर पेरायला सोपं, मात्र ते फार टिकत नाही, त्याच हंगामात संपवा.

यंदा माझ्या रेड ओकलीफचं बी धरेल असं वाटतंय. मार्चमध्ये निघालं की इथेच कळवते, ज्यांना हवं त्यांनी निरोप पाठवा, टपालाने पाठवीन.